टायबरच्या खोऱ्यात पडलेला कोकणचा जवान : नाईक यशवंत घाडगे

हुतात्मा म्हटले की आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या लहान मुलाच्याही ओठांवर पहिले नाव येते ते शिरीषकुमारचे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावरून तिरंगा हाती घेऊन निघालेला हा शाळकरी मुलगा पोलिसांच्या गोळीबारात पडला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. शिरीषकुमारच्या वयाला सोळा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ही कथा आपल्या शाळांतून दरवर्षी सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. या लेखात मात्र त्याच काळातल्या दुसऱ्या एका मराठी तरुणाची हकीकत सांगावयाची आहे. शिरीषकुमार ज्या सरकारच्या गोळीने पडला, त्याच सरकारच्या फौजेचा गणवेश या तरुणाच्या अंगावर होता. त्याचे नाव यशवंत घाडगे. हुद्दा नाईक, पलटण मराठा लाइट इन्फन्ट्री, वय बावीस. १० जुलै १९४४ रोजी इटली देशात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तो मारला गेला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस या त्या काळातील सर्वोच्च युद्धपदकाचा मानकरी ठरला.

या दोन मरणांत पुरत्या दोन वर्षांचेही अंतर नाही. एकाच्या नावाचा चौक नंदुरबारात आहे, दुसऱ्याचे नाव रायगड जिल्ह्याबाहेर फारसे कोणी घेत नाही. असे का झाले, याचा विचार त्याचे चरित्र पाहिल्यानंतर आपोआपच मनात येतो. म्हणून आधी चरित्र पाहू.

यशवंतचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे, आमरेचीवाडी या वाडीत झाला. त्या वेळी हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई, १९८१ पासून त्यास रायगड म्हणतात. शिवछत्रपतींची राजधानी असलेला रायगड किल्ला शेजारच्याच महाड तालुक्यात आहे. खानदेशातील काळ्या जमिनीत वाढलेल्या आपल्या मुलांस कोकणच्या शेतीची कल्पना येणार नाही. तिथे पाऊस अतोनात पडतो, पण पीक मुख्यतः एकच, ते भाताचे. जमिनीचे तुकडे लहान, उतारावरचे. दिवाळीनंतर घरातल्या तरुणाला दोन वाटा मोकळ्या असत : मुंबईची गिरणी किंवा पलटण. किनाऱ्यालगतच्या श्रीवर्धन, म्हसळा या भागांतील कोकणी मुसलमान कुटुंबांस तिसरी वाट होती, ती आगबोटीवरील नोकरीची. खलाशी म्हणून गेलेले त्यांचेही कित्येक लोक महायुद्धात पाणबुड्यांच्या माऱ्याने समुद्रात बुडाले, हेही या ओघात आठवावे. घरचे लोक वाट पाहत ती मनीऑर्डरची. कोकणातल्या कित्येक वाड्यांतून पोस्टमनच्या पिशवीवर चुली पेटत असत, असे म्हटले तरी चालेल.

यशवंतने पलटणीची वाट धरली. तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ३ऱ्या बटालियनमध्ये गेला. या रेजिमेंटचा इतिहास जुना आहे. तिची पहिली पलटण १७६८ साली उभी राहिली, आणि बेळगाव हे तिचे शिक्षणकेंद्र १९२२ पासून आजतागायत आहे. कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतील शेतकऱ्यांची पोरे बेळगावच्या मैदानावर कवायत शिकत आणि तेथून बोटीने जगाच्या पाठीवर कोठेही पाठविली जात. यशवंतच्या बटालियनने मार्च १९४१ मध्ये आफ्रिकेतील एरिट्रियात, केरेनच्या उघड्याबोडक्या डोंगरांत, पिनॅकल नावाचा सुळका इटालियन सैन्याकडून जिंकून घेतला होता. तेव्हा तिचे कमांडिंग ऑफिसर डेनिस रीड हे होते. हे रीडसाहेब पुढे आफ्रिकेच्या वाळवंटात शत्रूच्या हाती सापडले, इटलीत कैदेत पडले, तेथून निसटले आणि १९४४ साली १०व्या हिंदी डिव्हिजनचे सेनापती म्हणून त्याच इटलीत पुन्हा उतरले. त्या डिव्हिजनमध्ये त्यांची जुनी मराठा पलटणही होती. लढाईच्या इतिहासात असे योगायोग पुष्कळ असतात, पण वाचताना गंमत वाटते खरी.

नाईक हा हुद्दा शिपायाच्या वरचा. बाहीवर दोन फिती आणि हाताखाली आठ-दहा जवानांचे एक सेक्शन. विसाव्या-बाविसाव्या वर्षी दहा माणसांच्या जिवाची जबाबदारी अंगावर घ्यावयाची, याचा अर्थ आजच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी आपल्या मनाशी ताडून पाहावा. सेक्शन कमांडर हा तंबूत बसून हुकूम सोडणारा अधिकारी नव्हे. तो जवानांबरोबर खातो, त्यांच्याबरोबर चिखलात झोपतो आणि हल्ल्याची वेळ येते तेव्हा सर्वांच्या पुढे चालतो.

आता ज्या प्रश्नाला बगल देता येत नाही, तो विचारात घेऊ. ३ सप्टेंबर १९३९ रोजी हिंदुस्थान युद्धात उतरला असल्याचे व्हॉइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी परस्पर जाहीर केले. देशातील एकाही पुढाऱ्यास विचारले नाही. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत छोडो भारतचा ठराव झाला आणि देश पेटला. आपल्या नंदुरबारात जे घडले ते त्याच वणव्यातले. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे अन्नावाचून मेली. आणि याच वर्षांत सुमारे २५ लाख हिंदी जवान ब्रिटिशांच्या झेंड्याखाली लढत होते. हिंदुस्थानात सक्तीची लष्करभरती नव्हती, हे सारे जण आपण होऊन भरती झालेले होते. त्यांपैकी सुमारे ८७ हजार घरी परतले नाहीत. दुसरीकडे नेताजी सुभाषबाबूंच्या आझाद हिंद फौजेत हजारो हिंदी सैनिक त्याच ब्रिटिशांविरुद्ध लढण्यास सिद्ध झाले होते. म्हणजे एकाच पिढीतील मुलांपुढे तीन वाटा होत्या आणि तिन्ही वाटांवर मरण उभे होते.

काही लोक घाडग्यांसारख्या जवानांस परक्यांचे पगारी शिपाई म्हणून मोकळे होतात. प्रस्तुत लेखकास हे म्हणणे अन्यायाचे वाटते. पगार तर होताच, आणि तो घरी भाताच्या पेजेसाठी लागतही होता. पण त्या तुटपुंज्या पगारासाठी कोणी मशिनगनच्या तोंडावर धावत जात नाही. दुसऱ्या बाजूने, तो देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढला असे आज भाबडेपणाने लिहिणे हेही खरे होणार नाही. तो आपल्या पलटणीच्या अब्रूसाठी आणि आपल्या दहा माणसांसाठी लढला, इतके मात्र त्याच्या करणीवरून दिसते. आणि ज्या शत्रूशी तो लढला, तो शत्रू कसा होता हे त्या खोऱ्यातल्या लोकांनी त्याच उन्हाळ्यात अनुभवले होते. ते आता पाहू.

इटलीचे सरकार सप्टेंबर १९४३ मध्ये शरण आले, परंतु जर्मनांनी तो देश सोडला नाही. उलट डोंगराडोंगरांतून एकामागून एक बचावाच्या फळ्या उभारून त्यांनी दोस्त सैन्यास पावलापावलावर अडविले. इटलीच्या मध्यभागातून डोंगराची रांग उत्तर-दक्षिण गेलेली आहे, आपल्या सह्याद्रीसारखी. नद्या, ओढे, खिंडी, टेकडीच्या माथ्यावर दगडी भिंतींची जुनी गावे. अशा मुलखात एक मशिनगन नीट जागी बसविली तर ती अख्खी कंपनी रोखून धरू शकते. कासिनोच्या डोंगरावर जानेवारीपासून मेपर्यंत चार महिने लढाई चालली. ४ जून १९४४ रोजी रोम शहर दोस्तांच्या हाती आले, पण युद्ध संपले नाही, ते उत्तरेकडे सरकले. रोममधून वाहणारी टायबर नदी ज्या डोंगरांतून येते, त्या दिशेने, नदीच्या उगमाकडे, हिंदी डिव्हिजना वर सरकू लागल्या. इटलीच्या या मोहिमेत ४थी, ८वी आणि १०वी अशा तीन हिंदी डिव्हिजना, म्हणजे सुमारे ५० हजार जवान लढले. त्यांत पंजाबी मुसलमान, पठाण, शीख, जाट, गढवाली, गुरखे, मराठे असे सर्व जातिधर्मांचे लोक होते. सारे मिळून ५,७८२ हिंदी जवान तेथे कामी आले आणि इटलीतील चाळीस युद्धस्मशानांत व स्मारकांवर त्यांच्या आठवणी विखुरल्या आहेत.

२० जूनला पेरुजा शहर पडले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २२ जून १९४४ रोजी, जवळच्याच गुब्बियो गावात जर्मन सैनिकांनी आपला एक अधिकारी मारला गेल्याचा सूड म्हणून चाळीस निरपराध नागरिकांस भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. त्या मुलखातल्या लोकांची मनःस्थिती काय असेल ते यावरून समजावे. उंब्रिया प्रांतातील हे शेतकरी कोकणातल्या शेतकऱ्याप्रमाणेच उतारावरच्या लहान लहान वावरांवर जगणारे. त्यांच्या दारावरून जुलैच्या उन्हात जे लष्कर पुढे गेले, त्यात पळसगावचा यशवंतही होता. मोंतोने हे टेकडीवरचे गाव आणि त्याच्या आसपासच्या टेकड्या घेतल्याशिवाय पुढचा रस्ता मोकळा होणार नव्हता.

१० जुलै १९४४. मराठा पलटणीच्या एका कंपनीस शत्रूच्या एका भक्कम ठाण्यावर हल्ला करण्याचा हुकूम झाला. यशवंत घाडगेचे सेक्शन पुढे होते. चढण चढत असता अगदी जवळून शत्रूच्या मशिनगनने मारा सुरू केला. जर्मन मशिनगनमधून त्या काळी मिनिटाला हजारच्या आसपास गोळ्या सुटत. काही क्षणांत यशवंतच्या सेक्शनमधील एकूण एक जवान ठार झाला किंवा जखमी होऊन पडला. उभा राहिला तो एकटा सेक्शन कमांडर.

अशा वेळी माणूस काय करतो? जमिनीला पोट लावून पडून राहिला असता तरी त्यास कोणी दोष दिला नसता. मागून दुसरे सेक्शन येईपर्यंत थांबणे हे शहाणपणाचेच ठरले असते. परंतु तोवर ती मशिनगन जखमी होऊन उघड्यावर पडलेल्यांवर चालत राहिली असती. आपल्याबरोबर यायला आता एकही जण उरलेला नाही हे पुरते ठाऊक असूनही यशवंत उठला आणि टॉमीगन झाडीत सरळ त्या मशिनगनच्या रोखाने धावत सुटला.

आधी त्याने हातबॉम्ब फेकला. त्याने मशिनगन निकामी झाली आणि ती चालविणारा ठार झाला. मग टॉमीगनने आणखी एकास टिपले. तेवढ्यात त्याच्या बंदुकीतील गोळ्या संपल्या. नवे मॅगझिन चढवावयास दोन-तीन सेकंद तरी लागतात आणि समोर दोन शत्रू हातभर अंतरावर. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि सोट्यासारखी फिरवून त्या दोघांस जागच्या जागी संपविले. हे वाचताना अंगावर काटा येतो आणि तो यावा. युद्धाची खरी गोष्ट कोवळ्या मुलांना सांगताना तिची धार बोथट करून सांगू नये, असे आमचे मत आहे. त्या खड्ड्यात मेलेले चौघे जर्मनही कोणा आयांचेच मुलगे होते.

ठाणे यशवंतच्या हाती आले, पण ते त्याला पुढे सांभाळता आले नाही. आसपास दडून बसलेल्या नेमबाजांनी त्याच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. ज्या ठाण्यावर तो एकट्याने चालून गेला होता, त्याच ठाण्यात त्याने प्राण सोडला. धावत निघाल्यापासून पडेपर्यंतचा सारा प्रकार फार तर काही मिनिटांचा असावा.

२ नोव्हेंबर १९४४ रोजी लंडनच्या सरकारी गॅझेटमध्ये त्याच्या व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा झाली. या पदकाविषयी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ब्रिटनच्या राणीने ते १८५६ साली सुरू केले, पण हिंदी शिपायाला ते मिळण्याची मुभा १९११ पर्यंत नव्हती. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे काळा शिपाई गोऱ्याच्या बरोबरीने मरू शकत होता, परंतु बरोबरीने गौरविला जाऊ शकत नव्हता. हा मान मिळविणारा पहिला हिंदी शिपाई खुदादाद खान. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये त्याच्या मशिनगनवरचे सर्व सोबती मारले गेले, तरी तो जखमी अवस्थेत एकटाच गोळ्या झाडीत राहिला. योगायोग असा की खुदादाद मशिनगनच्या पाठीमागे एकटा उरला होता आणि तीस वर्षांनंतर यशवंत मशिनगनच्या समोर एकटा उरला.

१९४४ साल तर अशा नावांनी भरलेले आहे. यशवंतच्या मृत्यूच्या तीन महिने आधी, ६ एप्रिल रोजी, रोहतक जिल्ह्यातील कलानौरचा जमादार अब्दुल हाफिज हा कोवळा तरुण इंफाळजवळच्या टेकडीवर जपान्यांशी लढताना शहीद झाला. तो ९व्या जाट रेजिमेंटमधला. जखमी होऊनही शत्रूची मशिनगन नळीला धरून हिसकावून घेणारा असा हा बहाद्दर, त्यासही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत दोस्तांच्या बाजूने एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा हिंदी फौजेतील जवानांचे. कमलराम, यशवंत घाडगे, शेरबहादूर थापा, थमन गुरुंग, अली हैदर आणि नामदेव जाधव ही ती सहा नावे. यांतील घाडगे, थापा आणि गुरुंग हे तिघे पदक पाहावयास जगले नाहीत. अली हैदर हा कोहाटकडचा पठाण आणि नामदेव जाधव हा आपला मराठा. या दोघांनी पराक्रम केला तो एकाच दिवशी, ९ एप्रिल १९४५ रोजी, एकाच सेनियो नदीच्या काठावर. दोघेही वाचले. पुढे दोनच वर्षांत फाळणी झाली आणि एक पाकिस्तानचा तर एक भारताचा नागरिक झाला.

३ मार्च १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात समारंभ झाला. व्हॉइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते यशवंतचा व्हिक्टोरिया क्रॉस त्याची पत्नी लक्ष्मीबाई हिने स्वीकारला. माणगावच्या वाडीतून उठून ही बाई दिल्लीस पोहोचली, ती अशा निमित्ताने. ज्याला पाहून फौजेत मोठमोठे अधिकारी सलाम ठोकतात ते पदक तिच्या हाती आले, आणि ते आणून देण्यासाठी जो यावयाचा तो कधीच येणार नव्हता. पुस्तकांतून जवानाच्या मृत्यूची तारीख असते, त्याच्या कंपनीचे आणि टेकडीचे नाव असते, पण विधवेच्या पुढच्या वर्षांचा हिशेब कोठेच छापलेला नसतो. भाताची लावणी, सासरची माणसे, सणावाराला रिकामे कपाळ. अशा हजारो लक्ष्मीबाई आणि हजारो अमिना त्या युद्धाने हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांत मागे ठेवल्या.

याच लाल किल्ल्यात, त्याच वर्षाच्या ५ नोव्हेंबर रोजी, आझाद हिंद फौजेच्या शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन या तीन अधिकाऱ्यांवरचा खटला सुरू झाला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. त्यांच्यासाठी सारा देश रस्त्यावर आला. मार्चमध्ये ज्या किल्ल्यात सरकारने आपल्या बाजूने मेलेल्या जवानाचा सन्मान केला, तेथेच नोव्हेंबरात आपल्याविरुद्ध लढलेल्या जवानांस आरोपी म्हणून उभे केले. दोन्ही प्रसंगांत अंतर सुमारे आठ महिन्यांचे. स्वतंत्र भारताला दुसरा प्रसंग अधिक जवळचा वाटला, हे साहजिक होते. शिरीषकुमारचे नाव चौकाला दिले गेले आणि यशवंत घाडगे मागे पडला, त्याचेही कारण हेच. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षांत ब्रिटिशांच्या पदकाचा बडेजाव करणे कोणालाच रुचण्यासारखे नव्हते.

पण इतक्या वर्षांनंतर आपण थोडे शांतपणे पाहू शकतो. हा हिशेब एकाच्या खात्यातून काढून दुसऱ्याच्या खात्यात टाकण्याचा नाही. शिरीषकुमारने कोणावर हत्यार उचलले नाही. त्याच्या हाती झेंडा होता. यशवंतच्या हाती टॉमीगन होती आणि त्याने माणसे मारली. एकाने आपल्या देशावरील परकी सत्तेविरुद्ध प्राण दिला, दुसऱ्याने त्या सत्तेच्या फौजेतून तिच्याहून क्रूर अशा सत्तेविरुद्ध प्राण दिला. वर्गात शिक्षकांनी ही दोन चरित्रे शेजारी शेजारी ठेवून मुलांना खुशाल वाद घालू द्यावा. मुले पुष्कळदा आपल्याहून चांगला न्याय करतात.

शिवाय ज्या फौजेत यशवंत वाढला, तीच फौज १९४७ नंतर आपली झाली. त्याच्या ३ऱ्या मराठा बटालियनमधूनच आजच्या पॅराशूट रेजिमेंटची २री पलटण निर्माण झाली. बेळगावच्या केंद्रात आजही कोकण आणि देशावरील पोरे त्याच मैदानावर कवायत करतात. १९४८ साली काश्मिरात नौशेराजवळ ब्रिगेडियर महंमद उस्मान यांनी, आणि १९६५ साली खेमकरण विभागात अब्दुल हमीद यांनी जे बलिदान केले, ते या स्मरणिकेच्या वाचकांस ठाऊक आहेच. उस्मानसाहेब त्याच जुन्या हिंदी फौजेत अधिकारी म्हणून घडले होते. १९४५ पर्यंत शिकलेली शिस्त स्वतंत्र देशाच्या उपयोगी पडली.

इटलीत यशवंतच्या नावाची कबर नाही. कासिनो येथे दोस्त सैन्यातील ज्या चार हजारांहून अधिक जवानांच्या थडग्याचा ठावठिकाणा नाही, त्यांची नावे हिरव्या संगमरवरी दगडांवर कोरलेली आहेत. त्यांत पळसगावच्या यशवंत घाडगेचे नाव आहे. ज्या टेकड्यांवर तो पडला, तेथील लोकांनी मात्र त्यास विसरण्याचे नाकारले. जुलै २०२३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एकोणऐंशी वर्षांनी, मोंतोने गावच्या पालिकेने आणि इटालियन युद्ध-इतिहासकारांनी मिळून त्याच्या नावाचे एक स्मारक उभारले. समारंभास इटलीतील भारताच्या राजदूत नीना मल्होत्रा उपस्थित होत्या. हे स्मारक म्हणजे घोड्यावर बसलेला पुतळा नव्हे, तोफ नव्हे, ती एक सूर्यघटिका आहे. उन्हात सावली सरकेल तशी ती वेळ दाखविते. एकाच सूर्याखाली आपण सारे राहतो अशा अर्थाचे लॅटिन वचन तिच्यासाठी निवडलेले आहे. गुब्बियोच्या चाळीस माणसांच्या आठवणी ज्या मुलखात अजून ताज्या आहेत, त्या मुलखाने परदेशी जवानासाठी हे केले.

आपल्याकडे त्याचा पुतळा माणगावात तहसील कचेरीजवळ आहे. चिंचपाड्याहून सुरतेच्या गाडीने, तेथून मुंबईस आणि मुंबईहून कोकण रेल्वेने गेल्यास माणगाव स्टेशन लागते. शाळेची सहल रायगड किल्ल्यावर जाते तेव्हा वाटेत तेथे अर्धा तास उतरता येईल.